‘सवय होईल’ असं मी नव्या पोरांना का सांगत नाही

आलेला प्रश्न थोडा आटोपशीर करून आधी देते:

“ताई, ॲम्ब्युलन्सवर लागून मला 8 महिने झाले. 9 दिवसांपूर्वी शाळेतून घरी निघालेल्या मुलाच्या अपघाताचा कॉल होता. मुलगा वाचला नाही. कॉल चालू असताना मी सगळं नीट केलं, पण कॅज्युअल्टीत सोपवून बाहेर आल्यावर हात थरथरायला लागले. अजून रात्री दोन-अडीच तासांनी दचकून जाग येते. गाडी धुताना स्ट्रेचरखाली त्याची कंपासपेटी सापडली, ती माझ्या लॉकरमध्येच आहे. सीनियर म्हणतात, सवय होईल. तुम्ही लोक हे कसं झेलता? घरी सांगायचं का? की मी या कामाच्या लायकीचाच नाही?”

ताई म्हणालास म्हणून एकेरीवर येते. गाडीवर मला 22 वर्षं झाली. गेली 7 वर्षं कॉल घेण्याबरोबरच वाईट कॉलनंतर सहकाऱ्यांसोबत बसायचं कामही माझ्याकडे आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण कोणाला त्यांच्याकडे पाठवायचं आणि कोणाला नुसतं घरी झोपायला पाठवायचं, एवढं आता कळतं.

लायकीचं आधी संपवू. कॉल चालू असताना तुझे हात थरथरले नाहीत, नंतर थरथरले. म्हणजे शरीराने जे ज्या वेळी करायचं ते त्या वेळी केलं. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं. ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. अग्निशमन दलाच्या जवानांवर 1975 मध्ये एक अभ्यास झाला. त्यात अलार्म वाजल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत त्यांचे ठोके मिनिटाला सरासरी 47 ने वाढलेले दिसले. अजून बंब जागचा हललासुद्धा नव्हता. आपलंही तेच. वायरलेसवर ‘लहान मूल’ हे दोन शब्द आले की गाडीतली हवाच बदलते. या सगळ्या तयारीपैकी जी खर्च झाली ती कॉलमध्ये झाली. उरलेली मागे राहते आणि हातापायांतून बाहेर पडते. कोणाचे हात कापतात, कोणाला थंडी वाजते, कोणाला उलटी होते, कोणी उगाच बडबडत सुटतं. माझे गुडघे जातात. अजूनही जातात.

कॉलच्या आत काय होतं ते एकदा समजून घे, म्हणजे स्वतःवरचा राग कमी होईल. नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, कडेचं दिसत नाही. आवाज लांबून आल्यासारखे येतात. बोटांची बारीक कामं अवघड होतात. एरवी डोळे मिटून लागणारी सलाइनची सुई तेव्हा नेमकी हुकते. वेळेचा अंदाज पार बिघडतो. म्हणून तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, चालू असताना एकाने घड्याळाकडे बघून मोठ्याने वेळ सांगत राहायचं असतं. म्हणूनच आपल्या बॅगेत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते आणि ती हलवली की जुनी माणसं खेकसतात. तो खेकसण्याचा स्वभाव नसतो. डोकं अर्धं बंद पडलेलं असतानाही हाताला मास्क सापडला पाहिजे, यासाठी ती शिस्त असते. ताण झेलण्याचं पहिलं साधन ही आखलेली बॅगच आहे, असं मी तरी मानते. ड्युटी सुरू होताना बॅग स्वतःच्या हाताने उघडून तपासणारा माणूस आणि “रात्रीवाल्यांनी बघितलीच असेल” म्हणणारा माणूस, यांच्या कॉलमधल्या चेहऱ्यांत मला फरक दिसतो.

आता ‘सवय होईल’ बद्दल. काही गोष्टींची होते. रक्ताची होते, वासाची होते, सायरनची इतकी होते की त्याच्या आवाजात झोप लागते. पण लहान मुलांची होत नाही. आपल्या सहकाऱ्यालाच काही झालं, तर त्याची होत नाही. पेशंटचा चेहरा, शर्ट, मोबाइलची रिंगटोन आपल्या घरातल्या कोणासारखी निघाली, तर 20 वर्षांचा अनुभव एका सेकंदात गळून पडतो. माझ्या नोकरीच्या चौदाव्या वर्षी एका आजोबांना घेऊन जात होते. तसं विशेष काही नव्हतं, वय झालेलं, हृदय थकलेलं. त्यांनी चष्म्याची मोडलेली काडी दोऱ्याने बांधली होती. माझे वडील अगदी तशीच बांधायचे. त्या दोऱ्याने मला जे केलं, ते तोवरच्या कुठल्याही मोठ्या अपघाताने केलं नव्हतं.

आणि लोक ज्याला सवय म्हणतात ते बऱ्याचदा बधिरपण असतं. आमच्याकडे एक ड्रायव्हर होते, सगळे त्यांना कौतुकाने ‘दगड’ म्हणायचे. काहीही झालं तरी चेहरा हलायचा नाही. मग हळूहळू ते सगळ्यांबरोबर डबा खायचे बंद झाले. पेशंटचा उल्लेख ‘तो माल’ असा करायला लागले. नातेवाइकांवर ओरडायला लागले. आम्हाला वाटलं, वयाने चिडचिडे झाले. एका सकाळी गाडीची किल्ली टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मला आता कोणाचंच काही वाटत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.” त्या दिवसापासून ‘सवय होईल’ हा शब्द मी तोंडातून काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि काम पूर्वीसारखं न जमणं. दगडात तिन्ही होत्या. आमच्यापैकी कोणाला दिसल्या नाहीत, कारण आम्ही त्यांना खंबीरपणा समजत होतो.

म्हणजे कसं झेलता, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: कॉल झेलायला प्रशिक्षण पुरतं. माणूस मोडतो तो दोन कॉलच्या मधल्या वेळात. पहिल्याचं उतरलेलं नसताना दुसरं चढतं, त्यावर तिसरं. त्यामुळे जी काही मेहनत घ्यायची ती या मधल्या वेळावर घ्यायची. तो वेळ कधी 7 मिनिटांचा असतो, कधी एका रात्रीचा, कधी दोन सुट्ट्यांचा. तिन्हींचं तंत्र वेगळं आहे.

सात मिनिटांचं सांगते, कारण ते कोणी शिकवत नाही. कॅज्युअल्टीत हँडओव्हर झाला, कागदावर सही झाली, स्ट्रेचर घेऊन आपण बाहेर आलो. मी पहिल्यांदा गाडीचे मागचे दोन्ही दरवाजे सताड उघडते. आतला वास बाहेर जायला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर मलाही उजेड हवा असतो. ग्लोव्हज उलटे काढून लाल पिशवीत. मग हात, कोपरापर्यंत, घाई न करता. पाणी गार असेल तर फारच उत्तम. मग अर्धी बाटली पाणी पिते. तोंड कोरडं पडल्याचं तोवर लक्षातच आलेलं नसतं. मग पार्टनर आणि मी गाडीच्या पायरीवर बसतो आणि एकेक वाक्य बोलतो: काय झालं, काय नीट जमलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. एवढंच. एडिंबराच्या एका इमर्जन्सी विभागात ‘स्टॉप फाइव्ह’ नावाची पाच मिनिटांची अशीच पद्धत बसवलेली आहे. ती वाचली तेव्हा मला गंमत वाटली, कारण पायरीवर बसून आम्ही तेच करत होतो, फक्त नाव नव्हतं. या पाच मिनिटांत भावना उकरायच्या नाहीत. कामाबद्दल बोलायचं. “माझा मास्क पहिल्यांदा नीट बसला नाही” हे तिथेच बोललं गेलं, तर ते रात्री तीन वाजता उठवत नाही. न बोललेलं उठवतं, आणि तोवर ते “माझ्यामुळे गेला” एवढं मोठं झालेलं असतं.

मग गाडी पुन्हा लावायची. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा आकडा मी मोठ्याने वाचते. सक्शन, म्हणजे घशातलं रक्त-उलटी ओढून काढायचं यंत्र, चालू करून बघते. मास्क तीन आकारांचे, मोजून. चादर बदलायची, कोपरे दुमडायचे. हे काम नव्या माणसावर ढकलायची रीत आहे, ती मला पसंत नाही. ज्याने कॉल केला त्यानेच गाडी लावावी. हातांना कळतं की तो कॉल संपला. आणि कंट्रोल रूमला “तयार” सांगण्याआधी चार-पाच श्वास असे घ्यायचे, की बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. चार आकडे आत, सहा बाहेर. सोडताना ठोके थोडे मंदावतात, म्हणून हे चालतं. डोळे मिटून बसायची गरज नाही, चादर दुमडतानाही होतं.

पेशंट गेला असेल तर आणखी एक गोष्ट. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स नावाच्या परिचारकाने एक प्रथा सुरू केली, ती नंतर बऱ्याच देशांत गेली: मृत्यू घोषित झाला की सगळ्यांनी हातातलं थांबवून थोडा वेळ, मिनिटभरही नाही, गप्प उभं राहायचं. गेलेल्या माणसासाठी आणि ज्यांनी प्रयत्न केले त्यांच्यासाठी. मला सुरुवातीला हे दिखाऊ वाटलं होतं. एकदा केल्यावर वाटलं नाही. मॉनिटर बंद झाल्यावर लगेच कोणीतरी “चला, आवरा” म्हणतं ना, त्याच्या आधीची ती जागा आहे.

आता बोलण्याबद्दल, कारण इथे चांगल्या हेतूने खूप घोळ झालेला आहे. जेफ्री मिचेल या पूर्वी अग्निशमन आणि पॅरामेडिकचं काम केलेल्या अमेरिकी माणसाने 1983 मध्ये ‘डीब्रीफिंग’ची पद्धत मांडली: वाईट घटनेनंतर काही दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि ठरलेल्या सात टप्प्यांतून काय पाहिलं, काय वाटलं ते बोलून घ्यायचं. कल्पना इतकी पटण्याजोगी होती की जगभर पसरली, कुठे कुठे सक्तीची झाली. मग चाचण्या झाल्या. भाजलेल्या पेशंटवर 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत 13 महिन्यांनी बघितलं, तर एकदाच डीब्रीफिंग झालेल्यांपैकी 26 टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा दीर्घ मनोविकार होता. न झालेल्यांत 9 टक्के. अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2002 च्या कॉक्रेन आढाव्यानेही अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, असाच निष्कर्ष काढला आणि सक्तीचं डीब्रीफिंग थांबवा म्हटलं. मिचेलच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या चाचण्या बहुतेक अपघातग्रस्तांवर, एकेकट्याने घेतलेल्या होत्या. त्याची पद्धत मुळात एकत्र काम करणाऱ्या तुकडीसाठी होती. हा आक्षेप खरा आहे. तरीही सक्ती वाईट, हे मला आकड्यांशिवायही पटलेलं आहे, आणि त्याला कारण मीच आहे.

हे डीब्रीफिंग मी नवीनच शिकून आले होते. एका मोठ्या अपघातानंतर आठ जणांना गोलात बसवलं. एक पोरगा, तुझ्याच वयाचा, बोलायला तयार नव्हता. मी त्याला “मोकळा हो” म्हणून बोलतं केलं. त्याने गाडीच्या मागच्या सीटवर काय पाहिलं ते सांगितलं, अगदी बारकाव्यांसकट. त्या आठांपैकी पाच जण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होते, त्यांनी ते पाहिलेलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ते पाचही जण ते दृश्य घेऊन घरी गेले. तो पोरगा नंतर महिनाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता. मोकळा झाला नव्हता, उघडा पडला होता.

हल्ली मी काय करते? शेजारी जाऊन बसते. “कसं वाटतंय” विचारत नाही. “काही खाल्लंस का” विचारते, “घरी कसा जाणार आहेस” विचारते. तो बोलला तर ऐकते, नाही बोलला तर चहाचा कप हातात देऊन उठते, आणि तीन दिवसांनी परत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचा गाभा असाच आहे: बघा, ऐका, योग्य माणसाशी जोडून द्या. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समधून निघालेली ‘ट्रिम’ ही पद्धतही मला आवडते. तिच्यात बाहेरचा तज्ज्ञ येत नाही. प्रशिक्षण घेतलेला आपल्यातलाच सहकारी घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने येऊन बोलतो. महिन्याने, हे महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात. चौथ्या आठवड्यात कोणालाच आठवण नसते, आणि ज्याचं अडकलंय त्याचं तेव्हा दिसायला लागतं.

यावरून तुझ्या झोपेकडे येते. आज नववा दिवस आहे. पहिले काही आठवडे दचकून जाग येणं, तेच चित्र समोर येणं, त्या रस्त्याने जाताना पोटात गोळा येणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. पीटीएसडीचं निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात, ती अट उगाच घातलेली नाही. जगभरच्या बचाव कर्मचाऱ्यांच्या अभ्यासांचा 2012 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साधारण 10 टक्के लोकांना पीटीएसडी आढळला. सर्वसामान्य लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. तरी दहातले नऊ जण त्यात नाहीत, हेही लक्षात ठेव. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या 1995 च्या बॉम्बस्फोटानंतर तिथे राबलेल्या फायरमनमध्ये हे प्रमाण 13 टक्के होतं, स्फोटात सापडून वाचलेल्या पुरुषांमध्ये 23. ढिगारा उपसणाऱ्यांनी कमी पाहिलं होतं असं कोण म्हणेल? पण त्यांच्या हातात काम होतं, पाठीशी तुकडी होती, आणि आपण इथे का आहोत हे ठाऊक होतं. त्याच अभ्यासात दारूचा प्रश्न मात्र फायरमनमध्ये मोठा निघाला. ते वाचून मला नवल वाटलं नाही.

दारूचं म्हणून स्पष्ट बोलते. ती झोप आणते आणि रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात तीच मोडते. स्वप्नांची जी झोप मनाला आवराआवर करायला लागते, तिच्यावरच ती घाला घालते. झोपेच्या गोळ्याही कोणा मित्राच्या स्ट्रिपमधून घेऊ नकोस. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या ताणाच्या लक्षणांवर बेन्झोडायझेपिन गटातली औषधं (झोपेच्या बऱ्याच गोळ्या याच गटातल्या) देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात डॉक्टरांना सांगितलेलं आहे. मग आपण आपल्या मनाने घेणारे कोण? त्यापेक्षा ड्युटीच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा-कॉफी बंद कर, कारण प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं. दोन कॉलच्या मध्ये 20 मिनिटांची डुलकी मिळाली तर घे. तासभर झोपलास तर उठल्यावर डोकं जड राहील आणि पुढचा कॉल तशा डोक्याने घ्यावा लागेल. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर, रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकीच मंदावते. डबल ड्युटीनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा ऐकवते. ऐकून बहुतेक जण हसतात आणि किल्ली फिरवतात.

रात्री जाग आली की पडून राहून ते चित्र पुसायला बघू नकोस. पुसायला गेलं की गडद होतं. उठ, दिवा लाव, हाताला काहीतरी काम दे. डोळे आणि हात दोन्ही गुंतणारं काम चांगलं. 2017 मध्ये ऑक्सफर्डमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रस्ता अपघातानंतर सहा तासांच्या आत, इमर्जन्सी विभागात थांबलेल्या लोकांना अपघाताची थोडक्यात आठवण काढायला सांगून मग टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर नकळत येणारी दृश्यं न खेळलेल्यांपेक्षा बरीच कमी होती. मेंदूची चित्रं जपायची जागा ठोकळे फिरवण्यात गुंतली की ते दृश्य तितकं घट्ट बसत नाही, असा त्यामागचा विचार आहे. तुझे नऊ दिवस झालेत, त्यामुळे यातून जादू होईल असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडची एक मुलगी वाईट कॉलनंतर मोबाइलवर ठोकळे फिरवत बसते, आणि तिला कोणी “काय पोरखेळ” म्हटलं की मी त्याला हे सांगते.

तज्ज्ञाकडे कधी जायचं? महिना उलटून गेला आणि झोप, चित्रं, चिडचिड तशीच असेल, तर. तो रस्ता टाळायला तू लांबचा फेरा घ्यायला लागलास, लहान मुलाचा कॉल आला की आजारी पडायला लागलास, तर. आणि महिन्याची वाट बघायची नाही अशा दोन वेळा आहेत: पिणं रोजचं झालं, किंवा आपण नसलेलंच बरं असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी. यावर उपचार आहेत आणि ते चालतात. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार आहेत, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धत आहे. दोन्हींत वाट्टेल तसं मोकळं व्हायला लावत नाहीत. प्रशिक्षित माणूस हळूहळू, तुझ्या वेगाने ती आठवण हाताळायला शिकवतो. आमचा दगड दीड वर्षाने परत आला. आता तो कार्यालयात रोस्टर लावतो. आणि डबा पुन्हा सगळ्यांबरोबर खातो.

व्यायामाचं सगळे सांगतातच, मी लांबवत नाही. एवढंच की, अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या फायरमनमध्ये सर्वांत मोठं एकटं कारण आगीच्या ज्वाळा नसून हृदयविकार आहे. त्यामुळे जिने चढताना दम लागतोय, छातीत दाबल्यासारखं होतंय, याला ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडू नये.

गाडीत नसलेल्यांबद्दलही एक सांगते. कंट्रोल रूममध्ये फोन घेणारी मुलगी त्या आईचा आवाज ऐकते, “छातीवर दाबत राहा” असं सांगत राहते, आपण पोचलो की फोन कट होतो आणि लगेच दुसरा वाजतो. पुढे काय झालं हे तिला कधीच कळत नाही. अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेने 2013 मध्ये कामाच्या निमित्ताने असे भयंकर तपशील वारंवार ऐकावे लागणं हेही आघाताचं कारण म्हणून धरलं, त्याला फार उशीर झाला असं माझं मत आहे. ड्युटी संपताना मी कंट्रोलला फोन करून सांगते: तो गेला, ती वाचली, तुझ्या सूचनांवर भावाने सीपीआर बरोबर केला होता. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तू पण कर. आपल्यालाही बरं वाटतं त्याने.

विनोदाचं तू विचारलं नाहीस, पण तुला ते खटकलं असणार. गाडीत बंद दाराआड आम्ही जे काही बोलून हसतो ते बाहेर कोणी ऐकलं तर आम्हाला राक्षस समजतील. ते वाफ सोडणं आहे, त्यात भाग घेतलाच पाहिजे असं नाही. माझी सीमा साधी आहे: नातेवाइकांच्या कानावर कधीही नाही, आणि हसायचं ते परिस्थितीवर किंवा स्वतःवर. पेशंटवर हसायला सुरुवात झाली की मी त्या माणसाच्या सुट्ट्या बघते, किती शिल्लक पडून आहेत ते.

आणि काही ताण असे आहेत, की श्वास मोजून उतरत नाहीत. गाडी वेळेवर पोचली, पण खाट नाही म्हणून 40 मिनिटं दारात उभं राहावं लागलं. दुसरी गाडी बंद पडलेली, म्हणून पलीकडच्या भागातला कॉल आपल्याला लागला आणि उशीर झाला. इथे मनाला लागतं ते रक्त नसतं; जे करायला हवं होतं ते करू दिलं गेलं नाही, हे असतं. जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांबरोबर काम करताना 1994 मध्ये याला नैतिक जखम म्हटलं. तिच्यावर औषध म्हणजे ते लिहून ठेवणं, वेळेसकट, आणि वर पाठवत राहणं. लहान मुलाच्या कॉलनंतर गाडी अर्धा तास कॉलबाहेर ठेवण्याचा नियम आमच्याकडे असाच, तीन वर्षं कागद पाठवून, झाला. मी एका ठिकाणी भिंतीवर ‘ताणमुक्त राहा, हसत राहा’ असं रंगवलेलं पाहिलं, आणि त्याच भिंतीला टेकून सलग तिसरी रात्र करणारा पोरगा उभा होता. मला तो रंग खरवडून काढावासा वाटला.

घरी सांगायचं का? हो, पण चित्र नको. “आज लहान मुलाचा कॉल होता, वाचला नाही, मला तासभर गप्प बसायचंय,” एवढं. घरच्यांना तुझा चेहरा दिसतोच. कारण कळलं नाही तर ते स्वतःला दोष देतात किंवा तुला छेडत राहतात. काय पाहिलं ते मात्र ज्याने पाहिलंय त्याच्याशीच बोल. आणि घरात एका गोष्टीवर लक्ष ठेव. अशाच एका कॉलनंतर मी माझ्या मुलीला तीन महिने सायकल चालवू दिली नव्हती. मला ते काळजी घेणं वाटत होतं. शेवटी तिनेच विचारलं, “आई, तुझ्या गाडीत सायकलवाली मुलगी आली होती का?”

राहिली कंपासपेटी. ती तुझी नाही, आणि ती लॉकरमध्ये आहे तोवर तू रोज ड्युटीवर येताना आणि जाताना एकदा त्या कॉलला जाऊन येतोयस. पेशंटची वस्तू गाडीत सापडली तर जी नोंद करायची असते तीच कर: तारीख, कॉलचा नंबर, काय सापडलं, कुठे सापडलं. उशीर झाला म्हणून रागावतील, रागावू दे. स्वतः त्यांच्या घरी द्यायला जाऊ नकोस. त्या आईवडिलांनी ती कधी आणि कोणाच्या हातून घ्यायची, हे त्यांना ठरवू दे, ते काम इन्चार्जमार्फत होईल. पेटी पुसायची असेल तर वरून पूस, उघडू नकोस. आणि इन्चार्जकडे जाताना त्या दिवशीच्या पार्टनरला बरोबर घे. त्याच्याकडेही त्या कॉलचं काही ना काही असेलच, फक्त ते लॉकरमध्ये मावणारं नसेल.